गाडीवर कोणी मुद्दाम ओढलेले ओरखडे

आठवडी बाजारातून परतल्यावर गाडीच्या दारावर किल्लीने ओढलेली रेघ दिसली, तर पुसण्याआधी तिची छायाचित्रे काढावीत. विमा सर्वसमावेशक असेल, तर ती दाव्यासाठी आणि पोलीस तक्रारीसाठीही लागतात. मात्र दावा केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सहसा जातो, म्हणून लहान रेघेसाठी तो न केलेलाच बरा.

नंतर पत्रा धुऊन ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही, तर ओरखडा बहुधा वरच्या पारदर्शक थरापुरताच असतो आणि रबिंग कंपाउंड (रंग घासून गुळगुळीत करणारी पेस्ट) मऊ कापडाने हलक्या हाताने घासल्यास तो बराचसा जातो. कपाशीच्या शेतरस्त्यावरची धूळ राहिली असेल, तर तीच नवे ओरखडे पाडते.

नख अडकले किंवा पत्रा उघडा पडला, तर कंपाउंडचा उपयोग नाही. गाडीवरील पट्टीवर दिलेल्या रंगाच्या कोडनुसार टच-अप रंग आणून, गरज असल्यास आधी प्रायमर लावून, तो पातळ थरांत भरावा आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी पत्रा इतका तापतो की रंग नीट पसरण्याआधीच सुकतो. म्हणून हे काम सकाळी, सावलीतच करावे. पावसाळ्यापूर्वी मात्र उघडा पत्रा झाकायलाच हवा, अन्यथा गंज रंगाखाली पसरतो.