बार्शी लाइटच्या साइडिंगचे मॉडेल: फळी कापण्यापूर्वीचा शोध

रेल्वेचे मॉडेल करू पाहणाऱ्याला मिळणारा सर्वांत घातक सल्ला म्हणजे 'आधी रूळ जोडायला घ्या, माहिती हळूहळू मिळत जाईल' हा होय. माहिती मिळतही जाते, पण ती मिळेपर्यंत प्लायवूड कापून झालेले असते. मुख्य मार्गावरच्या नामांकित स्थानकाचे मॉडेल करणाऱ्याला ही घाई कदाचित परवडेल, कारण त्याच्यापाशी छायाचित्रांचा ढीग असतो. एखाद्या आडमार्गावरच्या मालधक्क्याचे किंवा कारखान्याच्या साइडिंगचे (मुख्य रुळापासून सुटून कारखान्यात जाणाऱ्या बाजूच्या रुळाचे) मॉडेल करणाऱ्याला मात्र दोन-तीन धूसर छायाचित्रे, एखादा नकाशा आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एवढ्यावरच उभे राहावे लागते. मी येथे बार्शी लाइट रेल्वेच्या लातूर शाखेवरील एका लहान स्थानकाचा मालधक्का आणि त्याला लागून असलेली जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याची, साइडिंग हे उदाहरण घेतले आहे, कारण हे काम मी दोनदा केले असून त्यातले पहिले मोडून टाकावे लागले.

सर्वप्रथम एक वर्ष ठरवावे. 'साधारण स्वातंत्र्यानंतरचा काळ' असे म्हणून चालत नाही. हा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाला, १९११ मध्ये लातूरला पोहोचला, १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला जोडला गेला, १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आला आणि २००७-०८ मध्ये कुर्डुवाडी ते लातूर हा पट्टा ब्रॉडगेज झाला. एवढ्या मोठ्या काळातला कोणताही पुरावा हाती आला की तो आपल्या वर्षाच्या आधीचा की नंतरचा, हे त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहावे. डब्यावरची मालकीची अक्षरे पाहून काळ ठरवता येतो असे सांगतात, पण मालक बदलला म्हणून रंगारी दुसऱ्या दिवशी सगळे डबे रंगवत नाही.

प्रमाण १:८७ घ्यावे. ७६२ मिलिमीटरचे ८.७६ होतात आणि बाजारात सहज मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो.

कागद एका ठिकाणी सापडणार नाहीत, याचे कारण या मार्गाच्या जन्मातच आहे. कंपनी १८९५ मध्ये लंडनला स्थापन झाली, बार्शी मुंबई इलाख्यातल्या सोलापूर जिल्ह्यात होती आणि येडशी, तडवळे, लातूर ही गावे निजामाच्या हद्दीत होती. त्यामुळे कंपनीची कागदपत्रे लंडनकडे, इलाख्याची मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि निजामाकडची हैदराबादला, अशी त्रिस्थळी यात्रा घडते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला, म्हणून त्याआधीचे सर्व काही उस्मानाबादच्या नावाखाली शोधावे. निजामी दफ्तरातील साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतले, असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र ते वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासून पुढचे बारा महिने. उर्दू वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्यावे. छायाप्रत घरी आणून नंतर वाचून घेऊ, हा बेत माझ्या अनुभवात कधीच तडीस गेलेला नाही.

नकाशांच्या बाबतीत एकच इशारा पुरे. आजच्या उपग्रह चित्रावर दिसणारा रूळ म्हणजे जुना मार्ग नव्हे. छोटी गाडी उस्मानाबाद शहराला शिवतही नव्हती. रुंदीकरणात मार्ग बदलून शहरापर्यंत नेण्यात आला. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंच बरोबर एक मैल प्रमाणाचे नकाशे पाहावेत आणि त्यासोबत भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढावा. शेतांच्या चौकोनांतून वाकडी धावणारी एक अरुंद पट्टी त्यात दिसते आणि मालधक्क्यापाशी ती अचानक रुंद होते. ती रुंदी म्हणजेच तुमच्या फळीची कमाल मर्यादा.

आता ज्या टप्प्यावर मी फसलो तो सांगतो, आणि येथे वाचकाने घाई करू नये. प्रश्न असा की साइडिंग मुख्य रुळापासून कोणत्या टोकाला सुटते? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण संपूर्ण लेआउटची चाल त्यावर ठरते. माझ्याकडे एक छायाचित्र होते: पुढे बैलगाड्या, मागे वाघिणींची (मालडब्यांची) रांग, त्यामागे जिनिंगची भिंत आणि डावीकडे सांधा, म्हणजे मुख्य रुळापासून साइडिंग सुटते ती जागा. वाघिणींवरची अक्षरे नेमकी गाड्यांवरच्या बोंदऱ्यांनी झाकली होती. मी ते छायाचित्र वर्षभर भिंतीवर लावले, त्याबरहुकूम सांधा बसवला, खडी चिकटवली आणि एका रविवारी गावातल्या निवृत्त सांधेवाल्या काकांना मोठ्या अभिमानाने घरी बोलावले. त्यांनी लातूरकडून कुर्डुवाडीकडे जाणारी मालगाडी बोटाने हळूहळू ढकलली, ती साइडिंगमध्ये घातली आणि शांतपणे विचारले, "अहो सर, इंजन गेलं आत, वाघिणी राहिल्या मागं. आता इंजनाला भाईर कोण काढणार?"

उत्तर माझ्याकडे नव्हते. गाडी ज्या दिशेने येते त्या दिशेला सांधा तोंड करून असेल, तर इंजिन वाघिणींच्या आधी आत शिरते आणि साइडिंगच्या बंद टोकाशी अडकते. याउलट सांधा ओलांडून पुढे जाऊन मग गाडी मागे रेटता येत असेल, तर वाघिणी आत जातात आणि इंजिन मोकळे राहते. एकेरी मार्गावर तोच सांधा एका दिशेच्या गाडीला सोयीचा आणि दुसऱ्या दिशेच्या गाडीला अडचणीचा असतो. म्हणून भरलेला माल कुठे जातो हे आधी विचारावे. आमच्याकडच्या रुईच्या गाठी कुर्डुवाडीला जात आणि तेथे मोठ्या गाडीत चढवल्या जात. म्हणजे लातूरकडून येणाऱ्या गाडीला साइडिंग सोयीची असणे स्वाभाविक होते, आणि माझी साइडिंग नेमकी उलटी होती.

चूक छायाचित्रात होती. त्यातल्या काठावरच्या बाईच्या नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावरून आलेला होता आणि शेजारच्या माणसाच्या सदऱ्याचा खिसाही छातीच्या उजव्या बाजूला होता. निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापलेले ते चित्र होते, आणि मी वर्षभर त्या बाईकडे पाहत असूनही पदर पाहिला नव्हता. तेव्हापासून कोणतेही जुने छायाचित्र हाती आले की आधी पदर, खिसा आणि पाटीवरची अक्षरे पाहतो, आणि मगच रूळ. सावलीवरून दिशा ठरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते, त्यामुळे 'सावली म्हणजे उत्तर' हा ठोकताळा ऐन उन्हाळ्यातल्या चित्राला लावला की दिशा नेमकी उलटी निघते.

जाणकारांना विचारायचेही एक तंत्र आहे. 'साइडिंग किती होत्या?' असे विचारू नये; माणूस भिडेखातर आकडा सांगतो आणि तो आकडा तुमच्या वहीत सत्य म्हणून बसतो. 'हमाल गाठ घेऊन कुठून कुठे जायचे? पाणी कुठे प्यायचे? गाडी आली की फाटक कुणी लावायचे?' असे विचारावे. गाठीचे वजन ३९२ पौंड, म्हणजे सुमारे १७८ किलो. ती एकटा माणूस जमिनीवरून वाघिणीत चढवू शकत नाही. म्हणून गाठी भरल्या जात असतील तेथे वाघिणीच्या तळाशी जुळणारा उंच धक्का असलाच पाहिजे. धक्का नसेल, तर तेथे सरकीची किंवा धान्याची पोती भरली जात असावीत, आणि तुमचा देखावा त्याप्रमाणे बदलला पाहिजे.

लांबी काढण्यासाठी या मार्गाने एक आयती फूटपट्टी दिली आहे. बार्शी लाइटची रचना करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी मालवाहू डबे २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशा एकाच मापाच्या पोलादी सांगाड्यांवर बांधवून घेतले होते. १:८७ प्रमाणात अशी वाघीण सुमारे ८८ मिलिमीटर भरते. छायाचित्रात धक्क्याला चार वाघिणी लागलेल्या दिसत असतील, तर शंभर फूट, म्हणजे मॉडेलमध्ये ३५ सेंटिमीटर. जोडण्यांसाठी थोडी वाढ धरावी. मात्र मोजमाप धक्क्याच्या रेषेतल्या वाघिणींवरूनच घ्यावे, कारण पुढे उभ्या वाघिणीवरून मागच्या भिंतीची लांबी काढली की भिंत खरीपेक्षा आखूड निघते.

एवढे झाल्यावरही करवत हातात घेऊ नये. खाकी कागदाची गुंडाळी जमिनीवर पसरावी, मार्ग पूर्ण आकारात पेन्सिलने काढावा, पुठ्ठ्याचे ८८ मिलिमीटरचे आठ तुकडे वाघिणी म्हणून आणि एक इंजिन म्हणून कापावा, आणि दोन्ही दिशांच्या गाड्यांचे शंटिंग हाताने करून पाहावे. रिकाम्या वाघिणी कुर्डुवाडीकडून येतात, म्हणून ती गाडी आधी चालवावी. त्या वाघिणी लातूरपर्यंत नेऊन परतीच्या गाडीने आत टाकाव्या लागतात की लूपमधून (दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेल्या शेजारच्या रुळावरून) इंजिनाला वळसा घालून येथेच टाकता येतात, हे तिथेच कळते. दुसऱ्या खेपेला हे करताना काका पाटावर बसून होते आणि लूप दोन वाघिणींनी वाढवायला सांगून त्यांनी चहा मागितला.