सिस्टवाल्या किडनीची सोनोग्राफी : रेडिओलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी

किडनीत सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्या, दिसल्या की पुढे काय करायचं, असं नवे रेसिडेंट विचारतात. मी कणकवलीत सोनोग्राफी करते आणि सगळ्यांना एकच सांगते : प्रोब ठेवण्याआधी वय विचारा, घरात कुणाला किडनीचा आजार आहे का तेही विचारा.

साठीच्या माणसाला एखाददुसरी साधी सिस्ट असणं रोजचंच. पण पंचविशीचा मुलगा, वडील पॉलिसिस्टिक किडनीमुळे (किडनीत सिस्ट वाढत जाणारा पिढीजात आजार) डायलिसिसवर, आणि दोन्ही किडन्यांत मिळून तीन सिस्ट, म्हणजे निदान झालं. या आजाराचे सोनोग्राफीचे 2009 चे निकष पाठ करा : 15 ते 39 वयात एकूण किमान तीन सिस्ट, 40 ते 59 मध्ये प्रत्येक किडनीत किमान दोन, साठीपासून पुढे प्रत्येकीत किमान चार. हे निकष फक्त घरात आजार असलेल्यांसाठी आहेत. आईला किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता असते.

आता मोजणी. डावी किडनी गॅसमागे लपते. पेशंटला उजव्या कुशीवर वळवा, डावा हात डोक्यावर घ्यायला सांगा, श्वास धरायला लावा. मग आडव्या छेदात वरच्या टोकापासून खालपर्यंत सावकाश या, म्हणजे एकच सिस्ट दोनदा मोजली जात नाही. साधी सिस्ट आतून काळीभोर असते, भिंत जेमतेम जाणवते आणि मागे उजळ पट्टा पडतो. गेन (मशीनवरचा उजळपणा) वाढलेला असेल तर त्या काळ्यात खोटे ठिपके उमटतात, म्हणून आत रक्त आहे असं लिहिण्याआधी गेन उतरवून, कोन बदलून बघा.

काळे कप्पे एकमेकांत आणि मध्ये पेल्विसमध्ये (किडनीत लघवी गोळा होते ती पोकळी) उघडताना दिसले तर त्या सिस्ट नव्हेत. ती लघवी तुंबून फुगलेली किडनी आहे आणि तिचा इलाज वेगळा, कधी कधी तातडीचा. म्हणून सिस्ट असं लिहिण्याची घाई नको.

लांबी प्रत्येक वेळी लिहा. एरवी साधारण 9 ते 12 सेंमीची असणारी किडनी या आजारात वाढली की एका फ्रेममध्ये मावत नाही, दोन फ्रेम जोडून मोजावी लागते. लिव्हरही बघा, तिथेही सिस्ट असतात. बीपी मोजायला सांगा. किडनीचं काम बिघडण्याच्या बरंच आधी ते अनेकदा वाढलेलं असतं.

आमच्याकडे भावंडं मुंबईत असतात, एकत्र भेटतात ती गणपतीत. म्हणून पेशंटला मी आधीच सांगून ठेवते, भाऊ-बहीण आले की घेऊन या. "माका काय होना नाय, मग कित्याक?" असं ते विचारतात, आणि तो प्रश्न रास्तच आहे. टेबलावर झोपवण्याआधी, काय सापडू शकतं ते नीट सांगा आणि त्यांचा होकार घ्या. विशीतल्या कुणाची तपासणी स्वच्छ निघाली तर रिपोर्टमध्ये "आज सिस्ट दिसली नाही" एवढंच लिहा, कारण सेंटीमीटरहून लहान सिस्ट सोनोग्राफीत निसटू शकतात. चाळिशी उलटलेल्या भावाच्या दोन्ही किडन्या स्वच्छ दिसल्या, तर मात्र त्याला हा आजार नाही हे तिथल्या तिथे सांगता येतं.