भजनाच्या ठेक्याचा झोल जपायचा तर आधी टिक तपासा

गणपतीच्या तोंडावर बेळगाव-खानापूरकडची भजनी मंडळी कीबोर्डवर वाजवून ट्रॅक भरतात, तेव्हा एक सेटिंग सहसा कुणी बघत नाही: पीपीक्यू, म्हणजे सिक्वेन्सर (वाजवलेलं नोंदवून ठेवणारी यंत्रणा) एका बीटचे किती तुकडे करतो तो आकडा. असा एक तुकडा म्हणजे टिक. ९६ असेल तर ६० च्या टेम्पोत (मिनिटाला ६० बीट) एक टिक सुमारे १०.४ मिलिसेकंदांचा, ९६० केला की जेमतेम १. धुमाळीच्या ठेक्यात मुद्दाम मागे ओढलेला ठोका ९६ वर जवळच्या टिकवर जाऊन बसतो, म्हणजे पाच मिलिसेकंदांपर्यंत सरकतो, आणि झोल, म्हणजे ठेक्याचं डुलणं, बोथट होतं.

जुन्या मशीनमध्ये आकडा बदलता येत नसेल, तर टेम्पो दुप्पट, म्हणजे ६० च्या जागी १२० ठेवा आणि मेट्रोनोमचे ठोके एकाआड एक मोजत वाजवा. टिक निम्मा होतो. इनपुट क्वांटाइझ (वाजवतानाच ठोके आपोआप मोजपट्टीवर बसवणारं सेटिंग) मात्र बंदच. ते नंतरही करता येतं, आणि खरं सांगायचं तर भजनाला बहुधा लागतच नाही.

९६० च्या पुढे धावण्यात मला अर्थ दिसत नाही. वाद्यांचे नोट-संदेश नेणाऱ्या पाच पिनांच्या मिडी केबलमधून एक नोट जायलाच जवळपास १ मिलिसेकंद लागतो. म्हणून कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) एकाच केबलवर जोडू नका. दोघांना वेगळे इनपुट द्या.