डबल बासवरील अवघड जागांसाठी बोटे कशी ठरवावीत

डबल बास हे व्हायोलिनसारखे, पण उभे धरून वाजवायचे मोठे वाद्य आहे. त्याच्या छापील प्रतीवरचे, कोणत्या स्वराला कोणते बोट हे सांगणारे आकडे संपादकाने स्वतःच्या हाताच्या मापाने लिहिलेले असतात, त्यामुळे ते सल्ला म्हणून वाचावेत. सिद्धेश्वर एक्सप्रेसने अधूनमधून मुंबईच्या शिक्षकांकडे जाणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला दोन भेटींच्या मध्ये बहुतेक निर्णय स्वतःच घ्यावे लागतात, आणि ते घेण्याची एक रीत आहे.

आधी अंतरांचा हिशोब लक्षात घ्यावा. तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर धरली, तर मोकळ्या (बोट न दाबलेल्या) तारेपासून पहिला अर्धस्वर सुमारे सहा सेंटिमीटरवर येतो. तारेच्या मधोमध असलेल्या सप्तकबिंदूजवळ हेच अंतर तीन सेंटिमीटरपर्यंत उतरते. म्हणूनच व्हिएन्नाचे शिक्षक फ्रांत्स झिमांडल (१८४०–१९१२) यांच्या पद्धतीत खालच्या पोझिशनमध्ये (पोझिशन म्हणजे हात न सरकवता बोटे पोहोचतात ती जागा) तर्जनी (१), मधले बोट (२) आणि करंगळी (४) वापरतात, अनामिका करंगळीला आधार देते आणि एका पोझिशनमध्ये जेमतेम एक पूर्णस्वर मावतो. वर सप्तकबिंदूच्या आसपास अंगठा तारेवर येतो व अनामिका स्वतंत्रपणे वाजू लागते.

एवढ्या कमी स्वरांच्या पोझिशनमुळे शिफ्ट (हात एका पोझिशनमधून दुसरीत सरकवणे) टळत नाहीत. कमीत कमी शिफ्ट असलेली योजना उत्तम, ही समजूत मला मान्य नाही. शिफ्ट कोठे पडते, हे अधिक महत्त्वाचे. एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी, डी ही चढती ओळ घ्या. डी तारेवर २ ने एफ, मग मोकळी जी तार, त्यावर १ ने ए आणि २ ने बी फ्लॅट, नंतर शिफ्ट करून १ ने सी व ४ ने डी, ही योजना एकाच शिफ्टची आहे. दोन-दोन स्वर एका गजात असतील, तर ती शिफ्ट नेमकी गज बदलतानाच पडते आणि ऐकू येत नाही. मात्र बी फ्लॅट आणि सी एकाच गजात बांधलेले असतील, तर तीच शिफ्ट मध्येच घसरल्यासारखी ऐकू येते. अशा वेळी ए वाजवून तर्जनीच अर्धस्वर वर सरकवावी, १ ने बी फ्लॅट व ४ ने सी घ्यावा आणि गज बदलताना पुन्हा ४ ने डी गाठावा. शिफ्ट एकाने वाढते, पण दोन्ही गजाच्या सांध्यावर येतात.

लांब ओळीत हे काम उलट्या दिशेने करावे. सर्वांत कठीण किंवा सर्वांत उंच स्वर कोणत्या बोटाने सुरक्षित लागतो ते आधी ठरवावे आणि तेथून मागे येत गजाचे बदल, विराम, मोकळ्या तारा व नैसर्गिक हार्मोनिक (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून निघणारे स्वर) शोधावेत; मोकळी तार वाजत असताना हात सरकायला मोकळा असतो. तारा चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे एकच बोट शेजारच्या तारेवर आडवे टाकून चौथा स्वर मिळतो, परंतु वेगात तेच बोट उचलून दुसऱ्या तारेवर नेले तर मध्ये फट पडते.

अठराव्या शतकातील संगीतकार डिटर्सडॉर्फ आणि वानहाल यांचे कॉन्चेर्टो (एकल वाद्य व वाद्यवृंदासाठीच्या रचना) अनेकांना विनाकारण अवघड वाटतात. ते ए, डी, एफ शार्प, ए अशा व्हिएन्नी जुळणीच्या वाद्यासाठी लिहिले गेले, ज्यात डी मेजर कॉर्डचे एकामागून एक येणारे स्वर हाताखालीच येत. आजच्या जुळणीत ते अंगठ्याच्या पोझिशनमध्ये नव्याने मांडावे लागतात.

योजना संथ लयीत सोपी वाटली तरी ती मूळ वेगात, चार-पाच स्वरांच्या तुकड्यात वाजवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये, कारण संथ लयीत हाताला मिळणारी सवड वेगात उरत नाही. शहाबादी फरशीवर एंडपिन (वाद्याच्या तळाची टेकू देणारी दांडी) सरकत असेल, तर खाली घडी घातलेली चादर पसरावी. वाद्य सावरण्यात गुंतलेल्या डाव्या हातावरून कोणत्याही योजनेची परीक्षा होत नाही. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून तारा बोटांखालच्या पट्टीच्या जवळ येतात आणि पावसाळ्यात तिच्यापासून वर उचलल्या जातात, म्हणून मे महिन्यात ठरवलेली ताणलेल्या बोटांची जागा जुलैत पुन्हा तपासावी. प्रतीवर पेन्सिलीने सगळी बोटे न लिहिता फक्त शिफ्टनंतरचे बोट आणि तारेचे नाव लिहावे.