‘कऱ्हाड’ डोळ्यांना दिसतं, पण सर्चमध्ये सापडत नाही : माझा अनुभव

लक्षण : पत्त्यांच्या यादीत ‘कऱ्हाड’ स्पष्ट दिसतं, पण तेच टाइप करून शोधलं की निकाल शून्य. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांचंही तसंच. ‘सातारा’ मात्र लगेच सापडतं.

आधी मोकळ्या जागा काढल्या, इंडेक्स (शोधासाठीची सूची) नव्याने बांधला, युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं तेच अक्षर एका रूपात आणणं) लावलं. फरक पडला नाही. पडद्यावर यादीतला आणि टाइप केलेला असे दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत असल्याने डोकं अक्षरशः भणभणलं.

शेवटी दोन्ही शब्दांचे कोडपॉइंट (प्रत्येक अक्षराचे युनिकोड क्रमांक) छापले. एकात ‘ऱ’ (०९३१) आणि हलन्त (अक्षर अर्धं करणारं चिन्ह, ०९४डी) होता. दुसऱ्यात साधा ‘र’ (०९३०), हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडण्यासाठीचं चिन्ह, २००डी). कीबोर्ड बदलला की अर्धा र असा वेगळा साठवला जातो, आणि एनएफसी या दोन रूपांना एक करत नाही.

उपाय याच क्रमाने करा. मूळ मजकुराला हात न लावता शोधासाठी वेगळा कॉलम ठेवा. त्यातल्या मजकुरावर आधी एनएफसी चालवा, म्हणजे र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं लिहिलेलंही ‘ऱ’ होईल. मग ‘र + हलन्त + जॉइनर’ या तिकडीच्या जागी ‘ऱ + हलन्त’ घाला. उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारं, तसंच न दिसणारं चिन्ह, २००सी) त्यानंतरच काढा. जॉइनर आधी काढले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! वापरणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दावरही हेच फंक्शन चालवा, आणि जुन्या नोंदींचा कॉलम एकदा भरून इंडेक्स पुन्हा बांधा.