वेबसाइट नव्या होस्टिंगवर नेताना: आधी पत्ते, मग फायली

माझी वेबसाइट पक्ष्यांच्या आवाजांची आहे. अकरा वर्षांत तिच्यावर सहा हजारांवर फोटो आणि तीनशेच्या आसपास ध्वनिमुद्रणं जमली. ती मी दोनदा हलवली. पहिल्या वेळी एकूण एक फाइल नीट पोचली आणि तरीही निम्मी साइट लोकांना दिसेनाशी झाली, कारण पानांचे पत्ते बदलले होते. एका शाळेतल्या बाईंनी मुलांना ऐकवण्यासाठी माझ्या ३२ पानांच्या लिंका जपून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकोणीस बंद पडल्या. त्यांनी कळवलं तेव्हा मला समजलं. दुसऱ्या वेळी मी क्रमच बदलला, आणि तोच इथे लिहिते.

आधी पत्ते का तुटले ते सांगते, कारण देवनागरीत लिहिणाऱ्या कुणालाही हे भोवू शकतं. माझी साइट वर्डप्रेसवर, म्हणजे मजकूर डेटाबेसात ठेवून साइट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर होती. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्यातल्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइटचं असतं आणि पत्त्यात ते टक्केवारीची खूण वापरून नऊ अक्षरांत लिहिलं जातं. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात, पुढचं कापलं जातं. मी साइट साध्या स्थिर पानांवर, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या फायलींवर नेली तेव्हा नव्या साधनाने शीर्षकावरून पूर्ण, न कापलेली नावं बनवली. लांब शीर्षकाचं प्रत्येक पान त्यामुळे नव्या पत्त्यावर गेलं. उपाय सोपा होता: प्रत्येक पानाच्या माहितीत जुना, तुटका पत्ता जसाच्या तसा लिहून ठेवायचा. तुटका दिसतो म्हणून तो सुधारायचा मोह टाळा.

म्हणून पहिलं काम यादीचं. साइटमॅपमधून, म्हणजे साइटच्या पानांची यादी देणाऱ्या फाइलीतून, सगळ्या पानांचे पत्ते एका साध्या मजकूर-फाइलीत घ्या, एका ओळीत एक. मग जुन्या सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे अ‍ॅक्सेस लॉग, जितक्या महिन्यांच्या मिळतील तितक्या उतरवा आणि त्यांतून फोटो, आवाज, पीडीएफ असे प्रत्यक्ष मागितले गेलेले पत्ते त्यात घाला. तुम्ही विसरलात पण लोक अजून वापरतात, असे पत्ते फक्त तिथेच सापडतात. माझ्या यादीत साडेसात हजार ओळी झाल्या. पुढची प्रत्येक चाचणी या यादीवरच होते.

दुसरं, तीन गोष्टी वेगळ्या ओळखा: डोमेनची नोंदणी (साइटचं नाव), डीएनएस (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं हे सांगणाऱ्या नोंदी) आणि होस्टिंग (फायली जिथे असतात तो सर्व्हर). एका वेळी फक्त होस्टिंग बदला. डोमेनची नोंदणी दुसरीकडे नेण्याची घाई नको. डॉट-कॉमसारखं डोमेन एकदा हलवलं की साधारण ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. डीएनएस जुन्या होस्टिंग कंपनीकडेच असेल तर मात्र खातं बंद करण्याआधी तो बाहेर काढावाच लागेल. त्या वेळी सगळ्या नोंदी उतरवून घ्या, विशेषतः ईमेलच्या: एमएक्स (पत्र कुठे पोचवायचं), एसपीएफ आणि डीकेआयएम (पत्र खरंच तुमच्याकडून आलं याची खात्री). साइट बंद पडली तर कुणीतरी सांगतं. ईमेल बंद पडलं तर सांगणाऱ्याचा निरोपही तुमच्यापर्यंत पोचत नाही.

आता फायली. एफटीपी या फायली नेण्याच्या जुन्या पद्धतीने ओढून आणू नका, जमत असेल तर आरसिंक हा प्रत करणारा प्रोग्रॅम वापरा आणि शक्यतो थेट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर. एफटीपीच्या कित्येक प्रोग्रॅममध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली दिसत नाहीत, आणि एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल, जिच्यात तुमची जुनी पुनर्निर्देशनं (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणारे नियम) असतात, तीच मागे राहते. (नवा सर्व्हर एनजिनएक्स या प्रोग्रॅमवर चालत असेल तर तो ती फाइल वाचतच नाही. नियम त्याच्या पद्धतीने पुन्हा लिहावे लागतात.) आरसिंकचा आर्काइव्ह पर्याय फाइलींच्या तारखाही जपतो. आधी कोरडी फेरी (प्रत्यक्ष प्रत न करता नुसती चाचणी) चालवून काय काय हलणार ते वाचा. स्रोताच्या फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ आहे की नाही यावरून फोल्डर जातं की फक्त त्यातल्या फायली, हे ठरतं. इथे सगळेच एकदा चुकतात.

प्रत झाली की दोन्हीकडे प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा (फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) काढा आणि दोन याद्या जुळवा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला एवढ्यावर थांबू नका. २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर बदलताना लोकांनी अनेक वर्षांत चढवलेलं संगीत, फोटो आणि व्हिडिओ गमावले. तिथे ज्यांनी स्वतःची मूळ प्रत ठेवली नव्हती, त्यांचं काम गेलं ते गेलंच. ठसे जुळेपर्यंत जुन्या सर्व्हरवरचं काहीही पुसू नका, आणि मूळ ध्वनिमुद्रणं घरच्या डिस्कवर वेगळी असू द्या.

नावांत दोन सापळे आहेत. लिनक्सवर लहान-मोठ्या लॅटिन अक्षरांत फरक धरला जातो. विंडोजवर चालणारा फोटो तिथे सापडत नाही. दुसरा सापळा खास आपल्या अक्षराचा. ‘पांढऱ्या-छातीचा-खंड्या’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था नावं फोडूनच साठवायची. माझ्या फायली मधल्या टप्प्यात अशा एका मॅकवरून गेल्या आणि ‘ऱ’ असलेली प्रत्येक फाइल ‘सापडत नाही’ म्हणू लागली. मी दोन संध्याकाळ त्या नावाकडे बघत होते.

साइट डेटाबेसवर चालत असेल तर बाहेर काढताना आणि आत घालताना दोन्हीकडे यूटीएफ-८-एमबी-४ हीच अक्षरसंहिता सांगा. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला जुना ‘यूटीएफ-८’ एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही, आणि काही मांडण्यांत इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. नव्या जागी मराठीऐवजी डोक्यावर खुणा असलेली लॅटिन अक्षरं दिसली तर घाबरू नका, बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त ओळख चुकली आहे. पण सलग प्रश्नचिन्हं दिसली तर त्या प्रतीतला मजकूर गेलेला आहे. ती फेकून पुन्हा नव्याने काढा. दोन्ही वेळी तिथे काहीही संपादित करून जतन करू नका.

फोटो आणि आवाज पानांपासून वेगळे ठेवा, असा माझा आग्रह आहे. स्थिर पानांच्या सेवांना मर्यादा असतात: क्लाउडफ्लेअर पेजेसवर एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही, गिटहब १०० एमबीपुढची फाइल नाकारतं. माझी आकार न दाबलेली ध्वनिमुद्रणं ४०-५० एमबीची आहेत. ती मी ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे मोठ्या फायली ठेवण्याच्या भाड्याच्या सेवेत, आरक्लोन या प्रोग्रॅमने चढवली. पण त्या सेवेने दिलेला पत्ता पानांत कधीही लिहू नका. स्वतःच्या डोमेनखाली माध्यमांसाठी एक उपडोमेन करा आणि ते त्या सेवेकडे वळवा. उद्या सेवा बदलली तर डीएनएसमधली एकच नोंद बदलेल, हजारो पानं नाहीत. जुन्या मार्गांवरून या उपडोमेनवर ३०१ (कायमचं) पुनर्निर्देशन द्या. चढवल्यावर प्रत्येक प्रकारची एक फाइल तपासा: कंटेंट-टाइप (फाइल कोणत्या प्रकारची ते ब्राउझरला सांगणारी खूण) चुकला तर आवाज वाजण्याऐवजी डाउनलोड होतो. आणि लांब ध्वनिमुद्रणात मधूनच वाजवून पाहा. सर्व्हर तुकड्यांनी फाइल देत नसेल तर ऐकणाऱ्याला पुढे सरकता येत नाही.

डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवण्याआधी नवी जागा खऱ्या नावाने बघा. तुमच्या संगणकातल्या होस्ट्स फाइलीत डोमेनपुढे नव्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांचा पत्ता) लिहिला की फक्त तुम्हाला नवी साइट दिसते. इथे ती साडेसात हजार ओळींची यादी चालवा आणि २०० (पान मिळालं) किंवा ३०१ सोडून जे उत्तर येईल ते दुरुस्त करा. ३०१ आलं तर पुढचं पान खरंच उघडतं का, तेही बघा.

डीएनएसचा टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ साठवायचं ती मुदत, वळवण्याच्या दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. आधी तो ८६,४०० असेल तर जुनं उत्तर दिवसभर लोकांकडे साठलेलं राहतं, म्हणून ती मुदत संपू द्या. लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षित जोडणीचं (एचटीटीपीएस) प्रमाणपत्र डीएनएसमधल्या नोंदीने आधीच काढता येतं, त्यामुळे वळवताना कुणालाही इशारा दिसत नाही. प्रतिक्रिया किंवा संपर्काचा अर्ज असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर काही निरोप जुन्या डेटाबेसात जाऊन पडतील.

वळवल्यावर पहिला आठवडा रोज ४०४ च्या (पान सापडलं नाही) नोंदी वाचा. जुनं खातं महिनाभर चालू ठेवा. तिथे फक्त यंत्रांच्या (बॉट्सच्या) फेऱ्या उरल्या की शेवटच्या नोंदी उतरवून ते बंद करा.

त्या बाईंची ३२ लिंकांची यादी मी मागून घेतली होती. आता कुठलाही बदल केला की सगळ्यात आधी तीच चालवते.