कारची बॅटरी बदलताय? दुकानात जायच्या आधी हे बघून घ्या

सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही की आपण लगेच बॅटरी गेली म्हणून मोकळे होतो, पण आधी ती खरंच गेलीये का ते बघा. मल्टीमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्टेज मोजा. 12.6 च्या आसपास म्हणजे फुल चार्ज, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून परत मोजा, साधारण 13.8 ते 14.5 दिसलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) किंवा वायरिंगकडे बघा, कारण तसंच ठेवलं तर नवीन बॅटरीसुद्धा काही दिवसांत झोपणार आणि पैसे पाण्यात. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर तो साफ करून एकदा सेल्फ मारून बघा, कधी कधी एवढ्यानेच काम होतं. चार्ज करूनही परत परत बसत असेल तर मग मात्र बदलाच.

आता नवीन कोणती घ्यायची. माझं ठाम मत आहे की कंपनीने गाडीला जी दिलीये तिच्याच स्पेसिफिकेशनची घ्यावी, आणि ते स्पेसिफिकेशन गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावं, फक्त जुन्या बॅटरीवर विसंबू नये, कारण गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलंय कोणाला माहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो साइजमध्ये. लांबी, रुंदी, उंची तिन्ही जुळली पाहिजे, बॅटरी ट्रेमध्ये हलता कामा नये आणि वरचा क्लॅम्प घट्ट बसला पाहिजे, नाहीतर धक्क्यांनी आतल्या प्लेट्स खराब होतात. उंची जास्त झाली तर टर्मिनल बॉनेटला टेकून शॉर्ट होऊ शकतं, हे खरंच धोकादायक आहे. त्यात परत प्लस टर्मिनल डावीकडे की उजवीकडे हा प्रकार असतो, तो उलटा आला तर केबल पोचत नाही आणि मग लोक ती ओढूनताणून लावतात, तसं अजिबात करू नका. टर्मिनल जाड आहे की बारीक तेही बघा. जुनी आणि नवी शेजारी शेजारी, एकाच दिशेने तोंड करून ठेवली की हे सगळं लगेच कळतं.

मग आकडे. अँपिअर अवर म्हणजे बॅटरीत किती साठा आहे ते, आणि सीसीए म्हणजे उणे 18 डिग्री थंडीत ती सेल्फला किती करंट देऊ शकते ते. दोन्ही मूळ बॅटरीएवढे किंवा थोडे जास्त असले तर चालतात, कमी नको. थोडी मोठी बॅटरी घेतली की अल्टरनेटर जळतो असं बरेच जण सांगतात पण तसं काही होत नाही, ट्रेमध्ये बसली म्हणजे झालं. डिझेल इंजिनला सेल्फसाठी जास्त करंट लागतो त्यामुळे पेट्रोल मॉडेलची बॅटरी डिझेलला लावू नका.

सिग्नलला आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप गाडी असेल तर साधी बॅटरी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका प्लीज, तिला ईएफबी किंवा एजीएमच लागते (सारखं बंद-चालू होणं सोसणाऱ्या जास्त दणकट बॅटऱ्यांचे हे दोन प्रकार), साधी लवकर मरते. मूळची एजीएम असेल तर परत एजीएमच घ्या. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी नव्या बॅटरीला जोडता येते का तेही विचारा.

घेताना मॅन्युफॅक्चरिंगची तारीख नक्की बघा, बॅटरी नुसती पडून असली तरी हळूहळू डिस्चार्ज होते. सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर मी तरी दुसरा मागतो. वॉरंटीत किती महिने फुकट बदलून देणार आणि किती महिने फक्त सूट, हे वेगवेगळं असतं, कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या, आत शिसं आणि ॲसिड असतं, कचऱ्यात टाकायची वस्तू नाही ती.

स्वतः बसवणार असाल तर काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. काही नवीन गाड्यांत बॅटरी बदलल्यावर स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते, नाहीतर गाडी ती जुनीच समजून चार्ज करत राहते, तुमच्या गाडीला ते लागतं का हे बॅटरी घ्यायच्या आधीच विचारून ठेवा.